बुटातला चिखल

बूट आला नाही, बुटातला चिखल तेवढा आला. बर्फाच्या पेटीत प्लॅस्टिकचे दोन डबे होते. एकावर 'वरचा' आणि दुसऱ्यावर 'टोकातला' असं लिहिलेलं. चौकशी कार्यालयाच्या शिपायानं पेटी तिच्या टेबलावर ठेवली, हात पॅन्टला पुसले आणि जाता जाता म्हणाला, "जपून हं बाई, जरा वास येतोय." ती हो म्हणाली. तो गेल्यावर तिनं खुर्ची पुढे ओढली, मग मागे सरकवली, उठून खिडकी उघडली आणि लगेच लावून घेतली. शेजारच्या टेबलावर खेकडेवाला बसायचा. संग्रहालयात खेकड्यांचं काम तो बघे म्हणून त्याला खेकडेवाला म्हणत, आणि ती शंख-शिंपल्यांचं बघे म्हणून तिला शिंपलीबाई. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागली होती आणि एकाच खोलीत म्हातारी होत चालली होती. तो चष्म्यावरून सगळं बघत होता. पेटी कशाची आहे हे त्याला ठाऊक होतं. सगळ्या इमारतीलाच ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी एक मालवाहू जहाज वीसेक माणसांसकट नाहीसं झालं होतं. शेवटचा निरोप आला तेव्हा ते एका बेटांच्या रांगेजवळ होतं. त्यानंतर काही नाही. ना फळी, ना तेलाचा तवंग, ना माणूस. त्या जहाजाच्या इंजिनावर काम करणारा एक जण शिंपलीबाईचा धाकटा भाऊ होता. लहानपणी अगदीच काडी होता म्हणून त्याला बारक्या म्हणत, आणि पुढे तो दारातून वाकून आत येण्याएवढा उंच झाला तरी नाव बारक्याच राहिलं. आता एवढ्या वर्षांनी मासेमारीच्या एका बोटीच्या जाळ्यात माशांबरोबर एक बूट वर आला होता. पुढे लोखंडी टोपी असलेला, इंजिनावरच्या माणसांना कामावर घालायला देतात तसला, आत जहाज कंपनीचा शिक्का. त्या समुद्रात त्या कंपनीचं एकच जहाज बुडालं होतं. पण बोटीनं त्या फेरीत दोन ठिकाणी जाळं ओढलं होतं: बेटांभोवतीच्या उथळ पाण्यात, आणि त्याच्या पलीकडे, जिथे तळ एकदम कड्यासारखा खाली जातो आणि उजेड पोचत नाही. बूट कुठल्या खेपेला आला हे कुणाला आठवत नव्हतं. खोलात जाळं टाकायची त्यांना परवानगी नव्हती, त्यामुळे आठवायची हौसही नव्हती. बूट उथळातला असेल तर जहाज बेटांपाशी बुडालं आणि माणसं पोहत किनाऱ्याला लागली असतील, असं म्हणायला जागा होती. मग बेटांवरचा शोध पुन्हा सुरू होणार होता. बूट खोलातला असेल तर शोध संपला. बुटाला तोंड नव्हतं, पण बुटात चिखल होता, आणि चिखलात बारीक शिंपल्या असतात, आणि कुठली शिंपली किती पाण्यात राहते हे तिच्या दातांवरून, काठावरून सांगणारं माणूस त्या शहरात एकच होतं.

विभागप्रमुखांनी तिला आदल्या दिवशी बोलावून विचारलं होतं. दुसरं कोणी असतं तर त्यालाच दिलं असतं, पण एवढं बारीक वाचणारं दुसरं कोणी नाही, आणि बाहेरगावी पाठवायचं तर वर्ष जाईल, असं त्यांचं म्हणणं. मन घट्ट असेल तरच घ्या, म्हणाले. ती म्हणाली, मन घट्टच आहे. तिला ते खरं वाटत होतं. तिच्या हिशेबी बारक्या त्याच आठवड्यात गेला होता, ज्या आठवड्यात निरोप थांबले. तिनं तेव्हा रडून घेतलं होतं, न्हाणीघरात, नळ सोडून, आणि मग आईकडे आणि भावजयीकडे बघायला लागली होती. आईचं निराळं होतं. आईनं एकदाही बारक्याबद्दल 'होता' म्हटलं नव्हतं. जहाजावरच्या इतर माणसांच्या घरच्यांना आईनंच गोळा केलं, कप्तानाची बायको, स्वयंपाक्याचे वडील, आणखी कोण कोण. दर महिन्याला ही मंडळी घेऊन ती चौकशी कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसायची. सापडला नाही म्हणजे गेला नाही, एवढाच तिचा मुद्दा, आणि त्याला कुठल्याही अधिकाऱ्याजवळ उत्तर नव्हतं. अधिकारी बदलले, बाक बदललं, मुद्दा तोच. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात बँकेत एकटीनं पाऊल टाकलं नव्हतं तिच्यापुढे आता साहेब लोक उठून उभे राहत.

तिनं 'वरचा' हा डबा आधी घेतला. चिखल राखाडी होता, लोण्यासारखा मऊ. वास कुजका नव्हता. थंड लोखंडाला येतो तसा होता, आणि तो तिच्या ओळखीचा निघाला. जहाज बंदराला लागलं की लोक घरच्यांसाठी अत्तरं आणतात, घड्याळं आणतात. बारक्या आईला शाल आणायचा, बायकोला काहीबाही आणायचा आणि हिच्यासाठी बिस्किटाचा पत्र्याचा डबा. डब्यात नांगराला लागून वर आलेला चिखल. "ताई, तुझ्यासाठी घाण आणलीय," असं म्हणून तो डबा थेट जेवणाच्या टेबलावर ठेवायचा आणि आईचं तोंड बघत हसायचा. मग रजेभर विचारत राहायचा, काही निघालं का? बहुतेक वेळा काहीच निघत नसे, फुटक्या कपच्या आणि गंजाचे पापुद्रे. नाही निघालं तर ती नाही म्हणायची. तो म्हणायचा, एवढा सात समुद्रांवरून वाहून आणला, मन राखायला तरी काही काढायचंस. आणि ती म्हणायची, मन राखायला शिंपल्या निघत नसतात. ते आठवलं आणि चाळणीवर पाणी सोडणारा तिचा हात थांबला. हाही त्याच्याचकडून आलेला चिखल. एवढा विचार तिनं केला आणि नळ जरा मोठा सोडला.

चाळणीत वाळूचे कण राहिले, माशाचं एक हाड, आणि हरभऱ्याच्या डाळीएवढा एक शिंपला. एकच अर्धुक, जोडीदार नसलेलं. तिनं तो चिमट्यानं उचलून काचेच्या बशीत ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. आणि डोळ्यांना भिंग लागताच तिचं ते नेहमीचं झालं: खोली गेली, खेकडेवाला गेला, स्वतःचं नाव गेलं. नुसता शिंपला राहिला, परातीएवढा, पांढरा. जिथे दोन अर्धुकं एकमेकांना जोडलेली असतात त्या बिजागरीवर दातांची ओळ होती, फणीसारखी, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड होत गेलेली. दात मोजणं हा घराण्याचाच धंदा, असं बारक्या म्हणायचा. वडील कवळ्या बनवत. घराच्या मागच्या खोलीत प्लॅस्टरचे साचे मांडलेले असायचे, लोकांची तोंडं, ओळीनं, नावांच्या चिठ्ठ्या लावलेली. दोघं भावंडं त्या तोंडांना एकमेकांशी बोलायला लावायची. बारक्यानं एकदा एक अख्खी कवळी मास्तरांच्या पाण्याच्या भांड्यात सोडली होती आणि वडिलांनी त्याला मारताना स्वतःच हसायला सुरुवात केली होती. तिनं दात मोजले. मग शिंपला उलटवून खालचा काठ बघितला. काठाच्या आतल्या बाजूला बारीक खाचा होत्या, नाण्याच्या कडेला असतात तशा, एकसारख्या. आणि खाचा दिसल्याबरोबर तिनं त्या पुन्हा पहिल्यापासून बघितल्या. हा शिंपला तिच्या चांगल्या ओळखीचा होता. उजेड पोचतो त्या पाण्यातला, वाळूत राहणारा. बेटांभोवतीचा.

तो झिजलेला होता. हेही तिनं बघितलं. दातांची टोकं बोथट झाली होती, काठाच्या एका बाजूच्या खाचा घासून गेल्या होत्या. मेलेला शिंपला वाहत, घरंगळत बराच प्रवास करतो, आणि उतारावर घरंगळायचं ते खालीच, हे ती नव्या माणसांना पहिल्याच आठवड्यात शिकवायची. तिनं बघितलं आणि बघितलेलं बाजूला ठेवलं. दुसरा डबा अजून उघडायचा होता. बावीस वर्षांत अर्धं काम बघून तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. पण ती उठली, जिन्याच्या खिडकीशी गेली आणि घरी फोन लावला.

"आई, उथळातला दिसतोय."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "दिसतोय की आहे?"

"आहे," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती तिथेच जिन्यात पायरीवर बसली. तिला हसू येत होतं आणि ते आवरत नव्हतं. चार वर्षं जो मेलाय असं ती धरून चालली होती तो एका क्षणात उठून चालायला लागला होता. दाढी वाढलेला, काळा पडलेला, कुठल्या तरी ओसाड किनाऱ्यावर एका पायात बूट नसलेला. तिला त्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. म्हणजे आपण काही धरूनबिरून चाललो नव्हतो, हे तिच्या लक्षात आलं. आईसारखीच ती वाट बघत होती, फक्त आईला ते तोंडानं म्हणायची लाज नव्हती. वरून उतरणारा एक माणूस तिला ओलांडून गेला आणि दोन पायऱ्या खाली जाऊन वळून बघू लागला. ती म्हणाली, काही नाही, बरी आहे.

संध्याकाळी ती घरी पोचली तर दारात चपला मावत नव्हत्या. सगळी मंडळी जमली होती. कप्तानाच्या बायकोनं तिला दारातच मिठी मारली. स्वयंपाक्याचे वडील, जे चार वर्षांत दोन वाक्यांच्या पलीकडे बोलले नव्हते, ते सांगत होते की आमचा पोरगा दगडातून रस्सा काढेल, तो असेल तिथं बाकीचे उपाशी मरायचे नाहीत. लोक हसत होते. आई मधोमध खुर्चीवर ताठ बसून उद्या कार्यालयात कोणी काय बोलायचं ते वाटून देत होती. तिच्या गालांवर रंग चढला होता. भावजय चहाचे कप फिरवत होती. ती तेवढी हसत नव्हती, पण तिनं केस नीट विंचरून घेतले होते, कितीतरी दिवसांनी. रिकामा ट्रे घेऊन जाताना ती शिंपलीबाईजवळ थांबली आणि हळूच म्हणाली की ताई, मला हे लोक बोलतात ते नाही कळत, तुम्ही सांगाल त्यावर मी चालणार. शिंपलीबाईनं मान हलवली. चहा कडू लागला. तिच्या डोळ्यांपुढे त्या काठाची घासलेली बाजू आली, आणि दुसरा डबा शीतपेटीत आहे हे आठवलं.

सकाळी तिनं 'टोकातला' चिखल काढला. बुटाच्या अगदी पुढे, जिथं बोटं असतात तिथं लोखंडी टोपीखाली घट्ट बसलेला हा चिखल अधिकाऱ्यांनी चमच्यानं ढेकळासारखा अख्खा काढला असणार. त्याचा थर न् थर दिसत होता. तो कुठून सांडून आत आलेला नव्हता. वरून कणाकणानं उतरून साचला होता, धूळ साचते तसा. तिनं सगळ्यात बारीक चाळणी घेतली. पाणी हळूहळू निवळलं आणि चाळणीच्या जाळीवर काही ठिपके उरले. तीळ सांडल्यासारखे. ती बराच वेळ त्यांच्याकडे नुसती बघत बसली. मग एकेक उचलून बशीत ठेवले.

शिंपल्याच होत्या. दोन्ही अर्धुकं मिटलेली, आणि इतकी पातळ की खालून दिवा लावला तर उजेड आरपार यायचा आणि आत मांसाचा पिवळसर ठिपका दिसायचा. म्हणजे बूट वर आला तेव्हा या जिवंत होत्या. त्या कालच्या शिंपल्याची पिल्लं असतील, असं ती स्वतःशी म्हणाली. मोठ्यानं म्हणाली असावी, कारण खेकडेवाल्यानं मान वर केली. तिनं कपाटातून उथळातल्या शिंपल्याची पिल्लं काढली, एवढीच, तिळाएवढी, वर्षानुवर्षं बाटलीत ठेवलेली, आणि ती शेजारी मांडली. पिल्लांना त्या वयातसुद्धा काठाला खाचा होत्या. या शिंपल्यांचा काठ गुळगुळीत होता. तिनं एक सुईनं उघडली. दात होते, पण दोन्ही बाजूंना चार-चार, केसासारखे, आणि मधली जागा मोकळी. पिल्लांना या मापाला दुप्पट असतात. मग तिनं टोकाकडचा भाग बघितला. शिंपली जन्माला येताना जेवढी असते तेवढीच टोकाला टोपीसारखी कायम राहते, आणि तिच्याभोवती पुढची वाढ होते. उथळातली पोरं जन्मतः अगदी लहान, वाहत्या पाण्यात फिरून आपलं आपण खाणारी. खोल, काळ्या पाण्यात पोराला खायला काही मिळायचं नाही म्हणून तिथली आई अंड्यातच सगळी शिदोरी बांधून देते, आणि पोर जन्मतःच मोठं असतं. या टोप्या मोठ्या होत्या. तिनं मापपट्टी लावली, काढली, पुन्हा लावली. डोळे पुसले आणि दुसरी शिंपली घेतली. मग तिसरी. सगळ्या एकच.

तरी एक फट राहत होती. बूट उथळात सापडला आणि मग तेच जाळं खोलात फिरलं, आणि तिथला चिखल बुटात गेला, असं होऊ शकत होतं. त्या फटीला धरून ती दुपारपर्यंत लोंबकळत राहिली. मग तिला धागे दिसले. या जातीच्या शिंपल्या स्वतः धागा काढतात आणि त्यानं कशाला तरी धरून राहतात. प्रत्येकीच्या खाली असा एक बारीक धागा होता आणि धाग्याच्या टोकाला करड्या रंगाचा कापडी तंतू अडकलेला. बुटाच्या अस्तराचा. त्या बुटातच राहत होत्या. लहान-मोठ्या होत्या, वाढलेल्या, अर्धवट वाढलेल्या, आणि सगळ्यांत बारीक म्हणजे नुसती ती जन्माची टोपीच, अजून एकही वाढीची रेषा न उमटलेली. तिथं त्या जन्मल्या होत्या. बूट तिथं, खाली, कड्याच्या तळाशी, वर्षानुवर्षं एका जागी पडून होता आणि त्यात एक पिढी नांदून दुसरी आली होती.

तिनं खेकडेवाल्याला हाक मारली. तो येऊन भिंगावर वाकला. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. शेवटी तो सरळ झाला आणि रुमाल काढून चष्मा पुसत बसला. शिंपल्यांतलं मला फार कळत नाही, म्हणाला. आणि चष्मा लावत म्हणाला, पण धागा कळतो.

ती लवकर निघाली. बस चुकवून चालतच गेली, एक चौक, दुसरा चौक, दुकानांच्या काचांमधून तिच्याबरोबर एक पोक काढलेली बाई चालत होती. न सांगता येईल का, असं ती पावलागणिक घोळत होती. कुणाला कळणार होतं? खेकडेवाला कधी बोलला नसता. डबाभर चिखल, तिळाएवढ्या शिंपल्या, त्या फेकल्या तर मोरीतून गेल्या असत्या. उथळातला शिंपला खरोखरच निघाला होता, तो दाखवता येत होता. बोटी बेटांकडे जातील, आणखी एक वर्ष, दोन वर्षं. आई ताठ बसेल. दगडातून रस्सा निघत राहील. आणि भावजय? भावजय केस विंचरत राहील, तेहेतिसाव्या वर्षी, चौतिसाव्या वर्षी, पस्तिसाव्या. आणि कुणी तरी तिच्या आतून विचारत होतं, काही निघालं का? त्याच्या आणलेल्या चिखलाबद्दल ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती.

घरी मंडळी आजही होती. कार्यालयात जाऊन आली होती, संग्रहालयाचं लेखी आलं की शोधाची तयारी करतो, म्हणाले साहेब, असं सांगत होती. तिनं आईला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. काय निघालं, कसं निघालं, सगळं सांगितलं. कालचा शिंपला झिजलेला होता, तो वरून घरंगळत गेला होता, हे मला काल दिसलं होतं, हेही सांगितलं. आई ओट्याला टेकून ऐकत होती.

"केवढी आहे ती?" तिनं शेवटी विचारलं.

"तिळाएवढी."

"तिळाएवढ्या शिंपलीवर तुझा विश्वास बसतो."

तिनं होकारार्थी मान हलवली.

"आणि काल 'आहे' म्हणालीस ते?"

"घाई झाली, आई. मला तो हवा होता."

आईच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं आणि थांबलं. मग ती पुसलेला ओटाच पुन्हा पुसायला लागली. "बाहेर तूच सांग," म्हणाली. "मी चार वर्षं या लोकांना बोलावतेय. मी नाही त्यांना घालवणार."

तिनं बाहेर जाऊन सांगितलं. उभ्यानंच, वर्गात धडा वाचून दाखवावा तसं, कारण बसली असती तर बोलता आलं नसतं. धाग्यांचं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की खोल पाण्यातल्या शिंपल्या आहेत आणि संशयाला जागा नाही. कुणी ओरडलं नाही. स्वयंपाक्याचे वडील उठले, दाराशी गेले आणि चपलांच्या ढिगात आपल्या चपला शोधू लागले. त्या समोरच होत्या, पण त्यांना सापडत नव्हत्या. कुणी तरी त्यांच्या पायाशी नेऊन ठेवल्या. कप्तानाच्या बायकोनं तिचं मनगट धरलं. हाताची पकड पुरुषासारखी होती.

"काल सांगितलंत तेच लिहा," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय कोण बघणार आहे? तुमचाही भाऊ आहे ना तो?"

"म्हणूनच नाही लिहिता येत," शिंपलीबाई म्हणाली. हे नीट सांगता येईना. ती पुढे काही बोलणार तोवर त्या बाईनं हात सोडला होता.

सगळे गेले. जिन्यातून उतरणारी पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली. कप तसेच पडले होते, अर्धे भरलेले. भावजय ते गोळा करत होती आणि गोळा करता करता, पाठमोरी असतानाच, तिनं विचारलं की बुटाची नाडी बांधलेली होती का. शिंपलीबाईनं हा प्रश्न अधिकाऱ्यांना आधीच विचारला होता. ती म्हणाली, हो, दोनदा गाठ मारलेली. भावजय म्हणाली, म्हणजे पोहायला निघाले नव्हते. इंजिनापाशीच असतील. एवढं म्हणून तिनं नळाखाली कप धुतले, पालथे घातले, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तिचं रडणं उशिरानं सुरू झालं आणि त्याला चार वर्षांचा आवाज होता. शिंपलीबाई दाराबाहेर फरशीवर बसून राहिली. काही दिवसांनी भावजयीनं त्याचे सदरे कपाटातून काढले, दोन ठेवून बाकीचे देऊन टाकले, आणि एका शाळेत कामाला जायला लागली.

अभिप्राय तिनं पानभरात लिहून दिला. शोध थांबल्याचं वर्तमानपत्रात चार ओळींत आलं. जमणारी मंडळी जमायची थांबली. कप्तानाची बायको एकदा बाजारात समोरून आली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. आई घरात फिरत असायची, जेवायची, जेवण वाढायची, पण तिच्याशी बोलायची नाही. काही लागलं तर भावजयीच्या तोंडून सांगायची. हे आधी अबोल्यासारखं होतं, मग सवयीसारखं झालं. शिंपलीबाईला कामावर शिंपल्या बघवेनात. भिंगाला डोळा लावला की खोली जायची, पण आता तिच्या जागी पांढरा शिंपला यायचा नाही. एक काळा उतार यायचा, न संपणारा, आणि त्यावर वरून सावकाश उतरत असलेली धूळ. ती डोळे काढून घ्यायची. खेकडेवाला आपलं काम टाकून तिचे जुने नमुने बाटल्यांत भरून द्यायला लागला होता, आणि चुकीच्या चिठ्ठ्या लावत होता, आणि तिला ते दिसत असूनही ती काही म्हणत नव्हती.

आणि एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, आई दारात उभी. एवढ्या वर्षांत ती संग्रहालयात कधी आली नव्हती. हातात पिशवी होती, पायऱ्या चढून दम लागला होता. खेकडेवाला उठला, त्यानं आपली खुर्ची पुढे केली आणि काही तरी पुटपुटून बाहेर निघून गेला. आई बसली नाही. तिनं कपाटं बघितली, बाटल्या बघितल्या, मोरी आणि मोरीवर टांगलेल्या चाळण्या बघितल्या.

"ती दाखव मला," ती म्हणाली. कित्येक महिन्यांनंतर तिच्याशी बोललेले पहिले शब्द.

शिंपलीबाईनं कपाट उघडलं. कोपर टेबलाला टेकवून तिनं एक शिंपली बशीत घेतली, दिवा लावला, भिंग जुळवलं, आणि आईसाठी आपली खुर्ची रिकामी केली. आईनं चष्मा काढला. भिंगात आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग तिचं डोकं हलायचं थांबलं. ती बघत राहिली. मागून तिच्या मानेवरचे पांढरे केस, पोलक्याची शिवण, आणि टेबलाची कड धरलेले दोन्ही हात एवढंच दिसत होतं. खालच्या रस्त्यावरून एक जड गाडी गेली आणि बाटल्या किणकिणल्या.

"किती रेखीव आहे," आई म्हणाली. जरा वेळानं तिनं विचारलं, तिथं उजेड असतो का. शिंपलीबाई म्हणाली, नाही. मग थंडी असेल? हो, फार. हिला डोळे असतात का? नसतात. आई प्रत्येक उत्तरावर हं म्हणत होती, पण डोळे भिंगावरून काढत नव्हती.

"ही जिवंत होती म्हणालीस. तिथं, त्याच्या बुटात."

"हो."

"म्हणजे तिथं जगता येतं."

शिंपलीबाईनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा लहान झाला होता, हाताखाली हाड लागत होतं.

"हिला येतं, आई," ती म्हणाली.

आईनं बशी बोटानं किंचित पुढे सरकवली, शिंपली नजरेआड झाली असावी, आणि ती तशीच वाकून, डोळे भिंगाला लावून, तिला शोधत राहिली.